नाशिकच्या प्राचीन इतिहासाविषयीचा दावा कसा तपासावा : पांडवलेण्यांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नाशिकचा प्राचीन इतिहास हा अनेकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि म्हणूनच त्याच्याविषयी रोज नवनवे दावे कानावर येतात. त्यांतले काही श्रद्धेतून आलेले असतात, काही अर्धवट वाचनातून, तर काही खरोखर भक्कम पुराव्यावर उभे असतात. हे तिन्ही प्रकार सारख्याच ठामपणे सांगितले जातात, ही खरी अडचण आहे. प्रत्येक दावा कोणत्या तरी वस्तूवर उभा असतो : कोरलेल्या ओळीवर, नाण्यावर, मातीच्या थरावर, किंवा केवळ सांगोवांगीवर. ती वस्तू शोधून काढणे आणि ती किती भार पेलू शकते हे ठरवणे, एवढेच काम तपासणाऱ्याने करायचे असते. त्यासाठी पदवी लागत नाही, परंतु चिकाटी मात्र लागते.

आधी दावा लिहून काढा आणि त्याचे तुकडे करा

उदाहरणासाठी नाशिक परिसरात वारंवार ऐकू येणारे एक वाक्य घेऊ : "गौतमीपुत्र सातकर्णीने नाशिकजवळ नहपानाचा पराभव केला, शकांचा नायनाट केला आणि त्या विजयाची आठवण म्हणून शालिवाहन शक सुरू झाला." ऐकताना हे एकच विधान वाटते, पण यात किमान चार स्वतंत्र विधाने आहेत. नहपान या शक राजाच्या घराण्याची सत्ता गौतमीपुत्र या सातवाहन राजाने संपवली, हे पहिले. ही घडामोड नाशिक परिसरात झाली, हे दुसरे. सर्व शकांचा नायनाट झाला, हे तिसरे. कालगणना त्यातून सुरू झाली, हे चौथे. वहीत ही चार विधाने चार वेगळ्या पानांवर लिहावीत आणि प्रत्येकाचा पुरावा त्याच पानावर नोंदवावा. एका विधानाचा भक्कम पुरावा दुसऱ्या विधानाच्या पानावर नकळत सरकतो आणि बहुतेक वाद तिथेच सुरू होतात.

प्रत्यक्ष जागेवर जा, पण पाहण्याचा क्रम ठरवून जा

पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी लेणी, शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात आहेत. एकूण चोवीस लेणी क्रमांकानुसार पाहत जाण्याची सर्वसाधारण पद्धत आहे, मात्र ते क्रमांक जागेनुसार दिलेले आहेत, काळानुसार नाहीत. इतिहास समजून घ्यायचा असेल तर लेणे 19 पासून सुरुवात करावी. हे लहानसे लेणे सातवाहन कुळातील कण्ह, म्हणजेच कृष्ण, या राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे उच्च अधिकाऱ्याने, करविले, असे तेथील लेख सांगतो. त्यानंतर शेजारचे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह), म्हणजे लेणे 18, मग नहपानाच्या काळातील लेणे 10, त्यापुढे गौतमी बलश्रीचे लेणे 3, आणि शेवटी यज्ञ सातकर्णीच्या काळातील लेख असलेले लेणे 20, असा क्रम धरावा. या क्रमाने पाहिल्यास साधेपणाकडून भव्यतेकडे होत गेलेला बदल डोळ्यांना आपोआप दिसतो.

सोबत चांगला टॉर्च ठेवावा. अक्षरांवर सरळ उजेड टाकला तर ती सपाट दिसतात. उजेड बाजूने, भिंतीला जवळपास समांतर धरला की खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. खडू, पावडर, पाणी किंवा तेल लावून अक्षरे "उठवण्याचा" प्रयत्न कदापि करू नये. दोन हजार वर्षे टिकलेली कड एका निष्काळजी हाताने झिजते, आणि ती पुन्हा आणता येत नाही.

जागेवर पहिला प्रश्न असा विचारावा की इथे आधी काय होते आणि नंतर काय झाले. लेणे 10 मधील मागच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबावे. तिथे भैरवाची मोठी मूर्ती आहे. मूर्तीच्या खांद्यांच्या वर पाहिले तर स्तूपाचा वरचा भाग अजून शिल्लक असल्याचे दिसते. मूळच्या स्तूपाचाच भाग तासून पुढे केव्हातरी ही मूर्ती घडवली गेली. मग लेणे 3 मध्ये जाऊन त्याच जागी कोरलेला स्तूप पाहावा, म्हणजे लेणे 10 मध्ये आधी काय असणार याची खात्री पटते. लेणे 11 मध्ये जैन शिल्पे आहेत, आणि काही लेण्यांत नंतरच्या बौद्ध परंपरेतील मोठ्या बुद्धमूर्ती आहेत. म्हणून "ही लेणी कोणाची?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी "कोणत्या शतकात?" असे विचारावे. मूळ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, याविषयी तेथील लेखांनी शंकेला जागा ठेवलेली नाही. पुढच्या काळात इतरांनी ती वापरली, हेही तितकेच दगडावर दिसते.

पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली या लोकसमजुतीचे उत्तर लेणे 1 देते. हा विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, अर्धवट राहिला आहे. त्याच्या दर्शनी भागावरील नक्षीची पट्टी तेवढी पूर्ण झालेली आहे, तर खालचे काम तसेच सोडलेले आहे. कारागीर वरून खाली उतरत काम करीत असत, हे यावरून समजते. अपूर्ण लेणी पर्यटक सहसा वगळतात, पण काम कसे चालत होते हे जाणून घ्यायचे असेल तर सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यावा.

लेखाचे वाचन : कोणी वाचले, काय वाचले आणि ते पडताळता येते का

ब्राह्मी लिपी स्वतः शिकता आली तर उत्तमच, परंतु ती येत नसली तरी काम अडत नाही. नाशिकच्या लेखांवर भाऊ दाजी लाड, रा. गो. भांडारकर, ब्यूलर, सेनार, वा. वि. मिराशी अशा अनेकांनी काम केलेले आहे. कोणत्याही लेखाची किमान दोन प्रसिद्ध वाचने समोर ठेवावीत. जिथे दोन्ही जुळतात तिथे पाय घट्ट आहेत असे समजावे, आणि जिथे जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करावी. कोरलेला मजकूर आणि त्यावरून काढलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वहीतही वेगळे दिसले पाहिजे.

लेखाची पडताळणी कशी करता येते, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण लेणे 10 मधील उषवदाताच्या लेखात आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. त्याने गोवर्धन या नाशिकजवळच्या प्राचीन ठिकाणच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे गुंतवले. त्यांपैकी 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे दरशेकडा एक प्रतिक (म्हणजे एक कार्षापण) या व्याजाने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरशेकडा पाऊण प्रतिक या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट लेखातच आहे. 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे होते. आता हिशेब करून पाहावा. हा दर वार्षिक मानला तर 2000 वर वर्षाला केवळ 20 मिळतात आणि वीस भिक्षूंचे भागत नाही. तो मासिक मानला तर महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240 होतात, आणि वीस गुणिले बारा हेही बरोबर 240 होतात. दर महिन्याचा होता हे या आकड्यांवरूनच सिद्ध होते, त्यासाठी कोणा मोठ्या नावाचा आधार घ्यावा लागत नाही. भूतकाळाविषयी इतकी निर्विवाद गोष्ट हाती लागण्याचे प्रसंग थोडे असतात आणि म्हणून हा हिशेब प्रत्येक नाशिककराने एकदा तरी स्वतः करून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

लेखातील तारखेचा अर्थही सावधपणे लावावा लागतो. लेणे 20 मधील लेख यज्ञ सातकर्णीच्या सातव्या राज्यवर्षातील, म्हणजे तो गादीवर आल्यापासूनच्या सातव्या वर्षातील, आहे. तो सांगतो की एका यतीने सुरू केलेले हे लेणे बरीच वर्षे अपूर्ण पडून होते आणि महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पूर्ण केले. म्हणजे लेखातील वर्ष पूर्णत्वाचे आहे, आरंभ त्याच्या पुष्कळ आधीचा. त्यामुळे "लेखात अमुक वर्ष आहे म्हणून लेणे त्या वर्षी कोरले" असे लिहिणे चूक ठरते. दगडावरून थेट वयही काढता येत नाही. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यावर छिन्नी केव्हा चालली हे खडकाच्या वयातून समजत नाही. कार्बन-14 पद्धतीला लाकूड, कोळसा, धान्य, हाड असे सेंद्रिय अवशेष लागतात. "लेण्यांच्या दगडाची कार्बन चाचणी झाली" असे कोणी सांगितले, तर ती बातमी तिथेच बाजूला ठेवावी.

स्तुती आणि दस्तऐवज यांत फरक करा

आता आपल्या पहिल्या विधानाकडे वळू. लेणे 3 मध्ये गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, प्रसिद्ध लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. त्यात गौतमीपुत्राला खखरात वंश (नहपानाचे घराणे) निःशेष करणारा, शक-यवन-पल्हवांचा संहार करणारा आणि ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा म्हटले आहे. हा मजकूर दिवंगत मुलाविषयी आईने कोरविलेला गौरव आहे. त्याचे मोल मोठे आहे, पण तो स्तुतिपर आहे, आणि म्हणून त्यातील प्रत्येक विशेषणाला दुसरा, स्वतंत्र साक्षीदार शोधावा लागतो.

खखरात वंशाविषयीचा असा साक्षीदार त्याच लेण्यात मिळतो. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षातील एक आज्ञा तिथे कोरलेली आहे. गोवर्धन येथील अमात्य, म्हणजे अधिकारी, विष्णुपालित याला कळवले आहे की पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले 200 निवर्तने (जमीन मोजण्याचे जुने माप) शेत भिक्षूंना द्यावे. चोविसाव्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली. आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून 100 निवर्तने द्यावीत, असे तिच्यात म्हटले आहे. या ओळींत कुठेही शौर्यवर्णन नाही. पडीक राहिलेल्या शेताची रुक्ष नोंद आहे, आणि म्हणूनच ती इतकी विश्वसनीय वाटते. जमिनीचा जुना धनी गेला आणि नवा आला, हे ती सहज सांगून जाते. आज्ञा विजयी सेनेच्या छावणीतून निघाल्याचा आणि गोवर्धनाचा उल्लेख त्यात असल्यामुळे दुसऱ्या विधानालाही काही बळ मिळते. अर्थात राजा सैन्यासह या बाजूला होता एवढेच त्यातून ठरते, लढाईची जागा ठरत नाही.

तिसरा साक्षीदार धातूचा आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा मारलेला. अशा नाण्यावर बारकाईने पाहिले तर नव्या चिन्हांच्या कडेला जुन्या मुखवट्याचा किंवा अक्षरांचा अंश दिसतो. वरचा शिक्का नंतरचा असतो, हे कोणाच्याही मतावर अवलंबून नाही. अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय यासाठी अवश्य पाहावे. दगडावरचा लेख वाचून झाल्यावर नाणे पाहिले की पुरावे एकमेकांना कसे आधार देतात ते कळते.

स्तुती, जमिनीची नोंद आणि नाणी हे तीन वेगळ्या हेतूंनी निर्माण झालेले पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. पहिल्या विधानाच्या पानावर "भक्कम" असे लिहायला हरकत नाही. तीन समुद्रांच्या उल्लेखाला मात्र असा आधार नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावा मुद्दाम शोधा

तिसरे विधान शकांच्या नायनाटाचे. यासाठी नाशिक सोडून जुनागढला जावे लागते. तेथील महाक्षत्रप (शक शासकांची पदवी) रुद्रदामनचा लेख शक कालगणनेतील वर्ष 72 चा उल्लेख करतो, म्हणजे इसवी सन 150 च्या सुमाराचा आहे. त्यात दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवून, जवळच्या नात्यामुळे सोडून दिल्याचे म्हटले आहे. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राच्या ताब्यातील म्हणून जे सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती हे प्रदेश येतात, तेच रुद्रदामन आपले म्हणून सांगतो. अर्थात हाही स्वतःचा गौरवच आहे. तरीही नहपानाचे घराणे संपले आणि चष्टन-रुद्रदामनाचे दुसरे क्षत्रप घराणे पुढे दीर्घकाळ टिकले, एवढे निश्चित. त्यामुळे "खखरात घराणे संपले" हे बरोबर, "शक संपले" हे चूक.

चौथे विधान जवळपास प्रत्येक मराठी घरात पंचांगातून येते. इथे साधा प्रश्न विचारावा : गौतमीपुत्राने इसवी सन 78 साली कालगणना सुरू केली असेल, तर त्याच्या स्वतःच्या लेखांत ती दिसायला नको का? नाशिकच्या लेखांत त्याचे अठरावे आणि चोविसावे वर्ष आहे, पुळुमावीचे एकोणिसावे आहे. ही सर्व राज्यवर्षे आहेत. ही कालगणना आरंभी वापरली ती पश्चिम क्षत्रपांनी, आणि तिला शालिवाहनाचे नाव जोडले गेले ते सुमारे तेराव्या शतकात. पंचांगातील नावाला सांस्कृतिक मोल आहेच, पण त्यावरून दुसऱ्या शतकातील घटना सिद्ध होत नाही.

काही वाद मात्र खरोखरच खुले आहेत आणि ते तसेच लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. नहपानाच्या काळातील लेखांत 41 ते 46 अशी वर्षे येतात. ती शक कालगणनेतील मानली तर तो इसवी सन 119 ते 124 च्या सुमारास येतो, आणि अनेक इतिहासकारांनी तसे मानले. दुसरा पक्ष ती त्याची राज्यवर्षे समजतो आणि त्याला पहिल्या शतकात नेतो. या पक्षाला पहिल्या शतकातील ग्रीक नाविक वर्णनात भडोचच्या राजाचे जे नाव येते ते नहपानाचे असावे या तर्काचा, आणि कच्छमधील अंधौ येथे सापडलेल्या चष्टनाच्या शक कालगणनेतील वर्ष 11 च्या लेखाचा आधार मिळतो. चष्टन इतक्या लवकर सत्तेवर असेल, तर नहपान त्याच्याही आधी जाऊन बसतो. मला स्वतःला दुसरा पक्ष अधिक पटतो, तरी वहीत दोन्ही लिहिलेले आहेत.

मातीतील वस्तूची जागा विचारा

उत्खननातील वस्तूची किंमत ती कोणत्या थरात आणि कशासोबत सापडली यावर ठरते. नाशिकमध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केले. तेथे तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष आणि वर ऐतिहासिक काळाचे थर मिळाले. त्यामुळे लेणी कोरण्यापूर्वी कित्येक शतके इथे माणसे राहत होती हे समजले.

याउलट थर निसटला तर काय होते, हे प्रवरेकाठच्या दायमाबादने दाखवले. 1974 साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशा चार भव्य ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. काही अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पाकालीन ठरवल्या. इतरांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असे म्हटले. मूर्ती शास्त्रीय खोदकामातून, नोंदलेल्या थरातून निघाल्या नसल्याने हा वाद थराच्या पुराव्याने मिटवता येत नाही.

श्रद्धेचे स्थान वेगळे ठेवा

हनुमानाचे जन्मस्थान अंजनेरी की कर्नाटकातील अंजनाद्री, यावर 2022 साली नाशिकमध्ये बराच वाद झाला. असा प्रश्न पुरातत्त्वाच्या साधनांनी सोडवण्याचा हट्ट धरू नये, आणि पुरातत्त्वाने तो "सिद्ध" केला असेही म्हणू नये. परंपरा किती जुनी आहे, ती प्रथम कोणत्या लिखाणात दिसते, हे तपासता येते. अंजनेरीचा लिखित इतिहास स्वतःच समृद्ध आहे. आठव्या शतकाच्या आरंभीचे भोगशक्ती या राजाचे ताम्रपट तिथे मिळाले आहेत आणि यादवकालीन जैन मंदिरे आजही उभी आहेत. वादाच्या गदारोळात त्यांच्याकडे कोणी वळत नाही, याची मला खंत वाटते.

दावा पुन्हा लिहा

आता मूळ वाक्य असे होईल : "गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या खखरात घराण्याची सत्ता संपवली आणि त्याच्या अठराव्या राज्यवर्षापर्यंत गोवर्धन परिसर त्याच्या अमलाखाली होता, हे लेख आणि नाणी दोन्हींवरून ठरते. लढाईची जागा ठरवता येत नाही, नेमके साल वादग्रस्त आहे, इतर शक घराणी पुढे टिकली आणि शालिवाहन शकाशी या विजयाचा संबंध समकालीन पुराव्यात नाही." वाक्य लांबले, पण कोणीही प्रश्न विचारला तरी त्यातील प्रत्येक शब्दामागची वस्तू दाखवता येते.

स्वतःला काही सापडले तर

विहीर खणताना, नांगरताना किंवा बांधकामात नाणी, मूर्ती, कोरीव दगड मिळाला तर वस्तू हलवू नये, घासू नये, धुऊ नये. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून आहे त्या स्थितीत फोटो काढावेत, मग थोडे दूर जाऊन आजूबाजूची जागा दिसेल असे काढावेत, आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. सापडलेल्या वस्तूबाबत स्थानिक पातळीवर तहसीलदार कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, अर्जाची एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाला पाठवावी, आणि अधिकारी येईपर्यंत त्या खड्ड्यातील काम थांबवून वर ताडपत्री टाकून ठेवावी.